मातीत नाणं सापडलं, तर?

मंद्रूपच्या बचत गटांतल्या आम्ही सगळ्याजणी पुन्हा तुमच्या भेटीला आलो आहोत. हातातलं काम चालू ठेवा, भाकरी थापता थापता ऐका, ज्वारी निवडता निवडता ऐका. आजचा विषय आमच्याच गटाच्या बैठकीत निघाला. निघाला म्हणण्यापेक्षा ओट्यात बांधून आला म्हणा ना!

झालं असं. आमच्या गटातल्या एका अक्कांचं घरकुल मंजूर झालं. जुनं माळवदाचं घर पाडलं आणि पाया खणायला सुरुवात झाली. जिथं पूर्वी चूल होती, तिथं हातभर खाली एक फुटकं बोळकं लागलं. त्यात हिरवट पडलेली, एकमेकांना चिकटलेली तांब्याची नाणी होती. सुटी झाली तेवढी मोजली, ती चौदा भरली.

सासूबाई म्हणाल्या, "कुणाला बोलू नको. सांगितलं तर सरकार समदं घेऊन जातंय." दीर म्हणाले, "एवढं निघालं म्हणजे खाली अजून असणार." त्यांनी कुठूनतरी एका मशीनवाल्याचा नंबर काढला. जमिनीवरून मशीन फिरवायचं, आवाज येईल तिथं खणायचं. एका दिवसाचे पाच हजार, आणि निघेल त्यातला निम्मा वाटा त्याचा. म्हणून अक्का गटाकडं आल्या होत्या, पंधरा हजारांचं अंतर्गत कर्ज मागायला.

सगळ्याजणी एकमेकींकडं बघायला लागल्या. कर्ज द्यायचं का? नाणी ठेवायची की सांगायची? सांगायची तर कुणाला? त्या बैठकीत याची उत्तरं आम्हांला कुणालाच नीट देता आली नाहीत. मग आम्ही कायद्याची माहिती काढली, जाणत्या माणसांना विचारलं. जे समजलं ते आज तुम्हांला सांगतो. कारण हल्ली गावोगावी घरकुलांचे पाये, शौचालयांचे खड्डे आणि विहिरी खणल्या जातात, आणि त्या मातीच्या पाट्या आपल्याच डोक्यावर असतात.

काळी आणि पांढरी

आपल्याकडं जमिनीचे दोन प्रकार सांगतात, काळी आणि पांढरी. काळीत पीक घ्यायचं, पांढरीत घर बांधायचं. गावठाणाची माती पांढरी का, तर तिथं पिढ्यान् पिढ्या माणसं राहिली. चुलीची राख, शेणामातीच्या भिंती, पडलेली घरं आणि त्यांच्यावर उठलेली नवी घरं, असे थर साचत गेले. माळवदावर टाकायला आपल्या आज्या हीच पांढरी पाटीनं आणायच्या. त्या मातीत बांगडीचा तुकडा, मणी, कधी एखादा पैसा हाताला लागायचा. त्यामुळं पांढरीत काहीतरी निघणं ही नवलाची गोष्ट नाही. जिथं माणूस राहिला, तिथं त्याच्या वस्तू राहिल्या.

पैसे पुरायचे का, हेही समजून घेऊ. त्या काळी गावात बँक नव्हती. लुटारूंचं भय होतं, दुष्काळ होते. प्लेगच्या साथीत माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिली. आपला सोलापूर जिल्हा निजामाच्या हद्दीला लागून. १९४८ साली रझाकारांच्या भीतीनं पलीकडची कितीतरी कुटुंबं घरदार टाकून इकडं आली. जाताना सगळंच बरोबर नेता येत नाही. मग चुलीखाली, उंबऱ्याखाली, जात्याखाली, भिंतीतल्या देवळीत, गोठ्याच्या कोपऱ्यात काहीबाही पुरून ठेवायचं. परत आलो की काढू म्हणायचं. कुणी परत आलं, कुणी आलंच नाही. कधी जागा एकट्या म्हातारीला ठाऊक असायची आणि ती न सांगताच जायची.

आमच्या अक्कांच्या चुलीखालचं बोळकंही कुणातरी बाईनंच ठेवलं असेल, असं आम्हांला वाटतं. चुलीजवळ दुसरं कोण जातं? आपण डाळीच्या डब्यात नोटा ठेवतो, तशीच ती तिची बचत असणार.

मशीन काय करतं आणि काय करत नाही

आता त्या मशीनबद्दल. त्याला मेटल डिटेक्टर म्हणतात. मोठ्या देवळांत आणि रेल्वे स्टेशनवर पोलिसांच्या हातात असतं, तोच प्रकार. त्याच्या खालच्या ताटलीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज सोडली की भोवती चुंबकासारखा प्रभाव तयार होतो. जवळ धातू आला की त्या धातूतही बारीकशी वीज खेळू लागते, मशीनला ते कळतं आणि ते वाजतं. एवढंच त्याचं काम. यात जादू नाही आणि मंत्रही नाही.

या युक्तीला बरीच वर्षं झाली. टेलिफोन शोधणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली असंच एक यंत्र वापरलं होतं. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली होती आणि ती अंगात नेमकी कुठं आहे ते डॉक्टरांना सापडत नव्हतं. बेल यंत्र घेऊन गेले, पण गोळी काही सापडली नाही. एक कारण असं, की अध्यक्ष ज्या गादीवर झोपले होते तिच्यात धातूच्या स्प्रिंगा होत्या. डॉक्टरांनीही शरीराची एकच बाजू तपासू दिली होती. म्हणजे यंत्र खोटं नव्हतं, पण धातू कुठला आणि कशाचा, हे ते सांगू शकत नव्हतं.

आजही साध्या मशीनची तीच गत आहे. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंत कळते. हंड्याएवढी मोठी असेल तर आणखी थोडी खाली. भारी मशीन लोखंड आणि तांबं यांत थोडाफार फरक करतं, पण तोही अंदाजच. वाजण्याचं म्हणाल तर खिळा, दाढीचं पातं, बाटलीचं झाकण, बैलाच्या पायाची नाल, मोडका विळा, सगळ्यालाच ते वाजतं. त्यात आपल्याकडची माती काळ्या खडकापासून झालेली. तिच्यात लोहाचा अंश भरपूर असतो. त्यामुळं काहीच नसताना मशीन ओरडतं, असंही होतं.

काही जण तर याच्याही पुढं जातात. हातात दोन तांब्याच्या काड्या किंवा एरियल लावलेला डबा घेऊन येतात आणि सांगतात, "पन्नास फुटांवरून सोनं दाखवतंय बघा." असं सांगणारा माणूस सरळ फसवतोय असं समजा. लांबून नुसतं सोनं ओळखणारा असा डबा कुणाकडंच नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच गटातल्या एका घरी असा माणूस येऊन गेला होता. कर्ज शेळ्यांच्या नावानं काढलं आणि वीस हजार त्याच्या हातात गेले. देवघरामागची भिंत त्यानं दोन ठिकाणी फोडली. निघालं काय? चार खिळे, पळीचा दांडा आणि एक भोकाचा पैसा. मग म्हणाला, धन आहे पण ते हलतंय, पूजा घालावी लागेल, त्याचे अकरा हजार वेगळे. सुदैवानं तेवढे पैसे घरात नव्हते. पण पावसाळ्यात ती फोडलेली भिंत बसली. कर्ज फेडायला त्या बाईला चौदा महिने लागले, आणि शेळ्या आल्याच नाहीत. हे आम्ही कुणाला हसायला सांगत नाही. कर्ज कशासाठी हवंय हे आम्ही नीट विचारलं नाही, ही चूक आमचीही होती.

गुप्तधनाच्या नावाखाली

पूजेचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. गुप्तधन काढून देतो म्हणणारे बाबा आणि मांत्रिक पायाळू माणूस मागतात. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याला जमिनीखालचं दिसतं, अशी समजूत आहे. हा पायाळू माणूस बहुतेक वेळा एखादी पोर असते नाहीतर एखादी गरीब बाई. तिला रात्री-अपरात्री पूजेला बसवतात, आणि पुढं काय होईल याचा भरवसा नसतो. अशा प्रकारांत माणसांचे जीव गेले आहेत.

महाराष्ट्रात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. गुप्तधन शोधायच्या नावाखाली असले अघोरी प्रकार करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षं, आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. तुमच्या गल्लीत असं काही चाललंय अशी शंका जरी आली, तरी पोलीस ठाण्याला कळवा. पोरीच्या जन्माची गोष्ट कुणी जास्तच चौकशीनं विचारत असेल, तर सावध व्हा.

आणि एक धोका साधा, पण जिवाशी खेळणारा. जुन्या वाड्यात धान्याची पेवं असतात. वर्षानुवर्षं बंद असलेल्या पेवात वाईट हवा साठते आणि उतरणारा माणूस आतच कोसळतो. त्याला काढायला गेलेलाही कोसळतो. धनाच्या आशेनं कुणालाही पेवात उतरू देऊ नका.

कायदा काय म्हणतो

आता सासूबाईंच्या शंकेकडं येऊ. "सांगितलं तर सरकार समदं घेऊन जातंय." हे खरं आहे का?

यासाठी एक जुना कायदा आहे, भारतीय निखात निधी कायदा, १८७८ सालचा. इंग्रजांच्या वेळचा, पण आजही लागू आहे. निखात निधी म्हणजे मातीत किंवा मातीला जोडलेल्या बांधकामात लपलेली, किंमत असलेली कुठलीही वस्तू. म्हणजे जमिनीत निघालं तरी तेच आणि भिंतीत निघालं तरी तेच. तिची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, अंदाजे किती किमतीचं, कुठं सापडलं आणि कुठल्या तारखेला, एवढं लिहायचं. वस्तू सरकारी तिजोरीत जमा करायची, नाहीतर मागाल तेव्हा हजर करू असा जामीन द्यायचा.

त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात, की यावर कुणाचा हक्क असेल तर त्यानं यावं. त्यासाठी चार ते सहा महिन्यांच्या आतली तारीख दिलेली असते. शंभर वर्षांच्या आत अमक्यानं हे पुरलं होतं, असं सांगणारा कुणी पुढं आला, तर तो वाद दिवाणी कोर्टात जातो. कुणाचाच हक्क ठरला नाही, तर ते धन बेवारस जाहीर होतं.

आणि आता कान देऊन ऐका. बेवारस ठरलेल्या धनात सापडणाऱ्याला वाटा आहे. जागा दुसऱ्याची असेल आणि दोघांत वेगळा करार झालेला नसेल, तर चारातले तीन वाटे सापडणाऱ्याचे आणि एक वाटा जागेच्या मालकाचा. सरकारला ती वस्तू स्वतःकडं ठेवायची असेल तर तेही त्याला करता येतं. पण तेव्हा त्या वस्तूतल्या सोन्या-चांदीची किंवा तांब्याची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा एवढी रक्कम द्यावी लागते. म्हणजे शंभराचं तांबं असेल तर एकशे वीस.

दुसऱ्याच्या जागेवर रोजानं माती उचलणाऱ्या बायांनी तर हे ध्यानात ठेवावंच. कायद्यात सापडणारा वेगळा आणि जागेचा मालक वेगळा धरलाय, आणि सापडणारा बाई आहे की बाप्या हे विचारलेलं नाही. "आमच्या रानात निघालं, ते आमचं, तू गप बस," असं कुणी म्हणालं तर तो काही कायदा नव्हे.

पण हा हक्क सांगणाऱ्यालाच आहे. लपवलं तर सापडणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. लपवायला मालकानं साथ दिली तर त्यालाही शिक्षा आहे. पुण्याजवळच्या चिखलीत बांधकामाच्या मातीत निघालेली जुनी सोन्याची २१६ नाणी २०२२ साली पोलिसांनी ताब्यात घेतली. ती सापडल्याचं कुणाला कळवलेलंच नव्हतं. म्हणजे नाणी गेली ती गेलीच, वर चौकशी मागं लागली.

परस्पर विकायचं म्हणाल तर तेही सोपं नाही. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं किंवा मूर्ती ही कायद्यानं पुराणवस्तू. १९७२ च्या कायद्याप्रमाणं पुराणवस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो, आणि त्या देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. किल्ले, जुनी देवळं अशा संरक्षित ठिकाणी तर परवानगीशिवाय खणणं हाच गुन्हा आहे. तिथं मशीन घेऊन फिरणाऱ्यांबरोबर आपली पोरं जाऊ देऊ नका.

वस्तूपेक्षा जागा महत्त्वाची

कायद्याचं भय एका बाजूला ठेवू. सांगायचं का, याला आणखी एक कारण आहे. ते आम्हांला दायमाबादच्या गोष्टीवरून कळलं.

दायमाबाद हे अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीकाठी आहे. १९७४ साली तिथं छबू लक्ष्मण भिल्ल नावाच्या शेतकऱ्याला एका झाडाचं खोड उपटताना चार ओतीव वस्तू सापडल्या. दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यावर उभा माणूस, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. आज त्या देशाच्या मोठ्या संग्रहालयांत आहेत, आणि जगभरचे अभ्यासक त्या बघायला येतात.

पण त्या किती जुन्या, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. कुणी त्यांना हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या काळातल्या म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतं, कुणाला ते पटत नाही. कारण काय, तर त्या अभ्यासकांच्या खोदकामात निघाल्या नाहीत. कुठल्या थरात होत्या, शेजारी कुठलं खापर होतं, राख होती का, हे बघायच्या आत त्या बाहेर आल्या. यात त्या शेतकऱ्याचा काही दोष नाही, तो तर झाड काढत होता. पण यातून कळतं, की वस्तू हातात असली तरी ती कुठं आणि कशी पडली होती हे गेलं, तर तिची निम्मी गोष्ट हरवते.

उलट आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यातलं कुडल बघा. हत्तरसंग कुडल, भीमा आणि सीनेचा संगम. संक्रांतीला तिथं स्नानाला जाणाऱ्या बऱ्याच जणी असतील. तिथल्या संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख कोरलेला आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. तो दगड जागेवर होता, म्हणून त्याच्यावरचं साल, देऊळ आणि गाव यांची सांगड घालता आली. कुणी तो काढून विकला असता, तर कुणाच्या तरी दिवाणखान्यात तो नुसता नक्षीचा दगड म्हणून पडला असता.

आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. दोन हजार वर्षांपूर्वी तगर नावानं ते व्यापाराचं मोठं गाव होतं, रोमपर्यंत त्याचा माल जायचा. तिथल्या पांढरीत निघणाऱ्या नाणी, मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती अशा वस्तू गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं जमवल्या. त्यातून त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. तिथल्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच मूर्ती इटलीतल्या पॉम्पेई शहरात निघाली आहे. लामतुरेंनी त्या वस्तू बाहेरच्या बाहेर विकल्या असत्या तर तेरला आज दाखवायला काय उरलं असतं? गटाची सहल काढायची असेल तर तेर जरूर बघा.

मशीनची एक चांगली गोष्टही सांगतो. इंग्लंडमध्ये हॉक्सन नावाचं खेडं आहे. १९९२ साली तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा रानात हरवला. तो शोधायला त्यानं ओळखीच्या माणसाला मेटल डिटेक्टर घेऊन बोलावलं. हातोड्याऐवजी सोन्या-चांदीची नाणी लागली. थोडी काढल्यावर त्या माणसानं खणणं थांबवलं आणि कळवलं. मग अभ्यासकांनी येऊन सावकाश माती काढली. सुमारे पंधरा हजार रोमन नाणी आणि दागिने निघाले. आणि ते सगळं एका लाकडी पेटीत कसं रचून ठेवलं होतं, हेही कळलं. तिथल्या सरकारनं साडेसतरा लाख पौंड बक्षीस दिलं, आणि सापडणाऱ्यानं ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला बरं का! तोही आता संग्रहालयात आहे.

तिकडचा कायदा वेगळा, रक्कम वेगळी. आपल्याकडं चौदा तांब्याच्या नाण्यांचे कुणी लाख देणार नाही. पण वेळेवर थांबणं आणि कळवणं, एवढं आपल्याही हातात आहे.

नाणं ओळखायचं कसं

आपल्या भागात घर पाडताना जास्त करून कुठली नाणी निघतात? शिवराई हे तांब्याचं जाड नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरं. शिवराया पुढं पेशवाईतही पाडल्या गेल्या, त्यामुळं प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली असतेच असं नाही. आपण विजापूर आणि कलबुर्गीच्या वाटेवरचे, म्हणून बहमनी आणि आदिलशाही तांब्याची नाणीही निघतात. त्यांवर फारसी अक्षरं असतात. १८३५ नंतरची कंपनी सरकारची, मग व्हिक्टोरिया राणीची आणि पुढच्या राजांची. हद्दीपलीकडून आलेला निजामाचा हाली शिक्का. आणि १९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा, तो तर अजूनही कुणाच्या करगोट्यात सापडेल. १९५७ साली नवे पैसे आले, त्याआधी सोळा आण्यांचा रुपया होता.

घरात वारशानं आलेली नाणी किंवा पुतळ्यांची माळ हा वेगळा विषय. ती जमिनीत सापडलेली नाहीत, तुमचीच आहेत. पण मोबाईलवर येणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. "अमुक नाणं असेल तर पाच लाख घ्या" म्हणायचं, आणि आधी नोंदणीचे, मग कराचे पैसे भरायला लावायचे. काही जण तर रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात. २०२१ साली रिझर्व्ह बँकेनं स्वतःच लोकांना सावध केलं होतं, की अशा व्यवहारांत आम्ही नाही आणि आम्ही कसलंही कमिशन मागत नाही.

सापडलं तर काय करायचं

वही जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिलं, त्या जागेचं खणणं थांबवा. बाकी काम दुसऱ्या बाजूला चालू ठेवता येतं.

दुसरं, काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घ्या. एक जवळून, एक लांबून, म्हणजे घराची कुठली बाजू ते कळेल. किती हात खाली होतं ते मोजा. फुटकं बोळकं, खापरं, चिंधीचा तुकडा काही टाकू नका.

तिसरं, घासू नका! ही आपली सवय. पितळेची भांडी चिंचेनं लख्ख करणारा आपला हात, नाणं बघितलं की राखेकडं जातो. पण चिंच, लिंबू, राख यांनी अक्षरं झिजतात. चिकटलेली नाणी ओढून सोडवू नका. कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा.

चौथं, तलाठी, पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायतीला सांगा, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज तहसील कार्यालयात द्या. तोंडी सांगून भागत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. वस्तू ताब्यात घेतली तर पंचनाम्याची प्रत मागा, त्यात नाण्यांची संख्या आणि वजन लिहिलंय का बघा. एकटीनं जायला संकोच वाटत असेल तर गटातल्या दोघी-तिघी बरोबर जा.

आमच्या अक्कांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. सासूबाईंना समजवायला आम्ही तिघी घरी गेलो. वाट्याचं सांगितलं, शिक्षेचंही सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ज्या बाईनं पुरलं तिच्या हाताला तर लागलं नाही. कागदावर तरी लागू दे." दुसऱ्या दिवशी त्या स्वतः तहसीलला आल्या. अर्जावर अक्कांनी सही केली, सासूबाई शेजारी उभ्या राहिल्या. शिक्का मारलेली प्रत आता अक्कांच्या डब्यात, गटाच्या पासबुकाशेजारी आहे. नोटीस निघायची आहे, आम्ही वाट बघतो आहोत.

आणि कर्जाचं? ते पंधरा हजार आम्ही मंजूर केले. पण मशीनवाल्यासाठी नव्हे, घरकुलाच्या चौकटी आणि दारांसाठी. त्याच बैठकीत ठरावही लिहिला, की गुप्तधन, मशीन, पूजा असल्या कारणासाठी गटाचा एक रुपयाही द्यायचा नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हा ठराव वाचून बघा, पटला तर तुमच्या वहीत लिहा. घर पाडताना काही सापडलं असेल, कुणाला काही अनुभव आला असेल, तर आम्हांला कळवा. आता निरोप घेतो. भाकरी करपली नसेल अशी आशा. नमस्कार!